एसी चालू असूनही खोली गार होत नाही आणि आतल्या युनिटमधून पाणी ठिबकते. गॅस भरून घ्यावा का?

गॅस भरण्याची घाई कृपया करू नका. एसीतील गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जातो.

ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की मी आधी फिल्टर पाहतो. आतल्या युनिटचे पुढचे झाकण उचलून फिल्टर काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचे दिसत नसेल, तर धुळीमुळे हवा अडते, कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचतो आणि तो वितळताना खालच्या ट्रेमध्ये न मावलेले पाणी भिंतीवरून ओघळते. कूलिंग बंद ठेवून तासभर नुसता पंखा चालवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मगच बसवा. बर्फ नसतानाही पाणी गळत असेल, तर निचऱ्याची नळी बहुधा बुळबुळीत गाळाने तुंबलेली असते किंवा तिला मध्येच चढ मिळालेला असतो.

स्वच्छ फिल्टरनेही बर्फ धरत असेल, तर मात्र गॅसची शंका रास्त आहे. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) नुसता घुमून बंद पडतो, तेव्हा बहुतेकदा कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा भाग) गेलेला असतो. भाग स्वस्त आहे, परंतु वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार उरतो, म्हणून ते काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.