गुलाबाच्या रंगांचे अर्थ काय असतात? सासूबाईंच्या साठीला लाल गुलाब दिले तर चालतील का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सासूबाईंना साठ गुलाब द्यायचे ठरलेत, पण सासरे हयात नाहीत म्हणून लाल नको, पांढरे किंवा पिवळे आणा, त्यांचा अर्थ चांगला असतो, असं नणंदेचं म्हणणं आहे.

लाल आणा. साठच्या साठ लाल आणा.

लाल प्रेमाचा, पिवळा मैत्रीचा, गुलाबी कौतुकाचा, पांढरा शांतीचा हा तक्ता तुम्हाला पाठ असणार. मुंबईतल्या कॉलेजात रोझ डे पाहिलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. मलाही आहे, आणि तो मी कुठे ऐकला ते पुढे सांगते. आधी हे सांगते की तो आपला नाही आणि पक्कासुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘फुलांची भाषा’ नावाचं वेड आलं होतं. १८१९ मध्ये पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने त्यावर पुस्तक निघालं आणि मग इंग्लंडात अशा पुस्तकांचं पीकच आलं. त्यातलंच केट ग्रीनवेचं १८८४ चं पुस्तक. त्यात पिवळ्या गुलाबापुढे अर्थ दिलाय तो प्रेम ओसरल्याचा आणि मत्सराचा. तोच पिवळा आज तुमची नणंद चांगल्या अर्थाचा म्हणून सुचवते आहे. फूल तेच, रंग तोच, फक्त तक्ता लिहिणारा बदलला.

त्यातही हे झगझगीत पिवळे गुलाब आले कुठून? पश्चिम आशियातली एक जात आहे, शास्त्रीय नाव रोझा फेटिडा, म्हणजे सरळ सरळ ‘दुर्गंधी गुलाब’. ल्यों शहरातल्या जोसेफ पेर्ने-द्यूशेने तिच्या पिवळ्या वाणाशी संकर करून १९०० मध्ये ‘सोलेय दोर’ नावाचा गुलाब आणला. बाजारातल्या पिवळ्या-शेंदरी गुलाबांचं मूळ तिथे आहे. निळ्याचं तर विचारूच नका. निळेपणाला लागणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य गुलाबात नसतंच. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून २००९ मध्ये ‘निळा’ म्हणून जो विकायला काढला तोही दिसायला फिकट जांभळा आहे. दादरला निळे दिसतात ते रंगवलेले पांढरे. आणि काळा म्हणतात तो गडद मरून.

नवरात्राच्या नऊ रंगांचंच बघा ना. एका मराठी वर्तमानपत्राने ते घरोघरी नेले, आणि आता लोकलच्या लेडीज डब्यात चुकीच्या रंगाची साडी नेसून चढलेल्या बाईला चारजणी विचारतात, आज हा कसा गं? मला त्या नऊ रंगांबद्दल राग नाही, मजा येते. पण रंगाचा अर्थ माणसं ठरवतात, आणि एकदा ठरला की तो कुणाच्या तरी अंगावर येतो, हे मी घरात पाहिलंय.

माझे बाबा १९८० साली गेले. गिरणीत होते, संपाच्या दोन वर्षं आधी. आई तेव्हा तीस वर्षांची, मी आठ वर्षांची. परळच्या चाळीत आमची एक खोली. आईने फुलांचं काम धरलं. पहाटे चारला उठून दादरला जायची. वसईची माणसं पहिल्या गाड्यांनी मोगरा, जास्वंद घेऊन उतरायची, नाशिककडचे गुलाब यायचे. (नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, हे मला फार पुढे कळलं.) आई शेकड्याने गुलाब घ्यायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची आणि गॅलरीत बसून निवडायची. बाहेरच्या डागाळलेल्या दोन-तीन पाकळ्या काढायच्या, काटे अंगठ्याच्या नखाने मोडायचे, केसात माळायचा असेल तर देठ दोन बोटं ठेवायचा. पाकळी काढताना खालची हिरवी वाटी हलली तर फूल दुपारपर्यंत उलगडून गळतं, म्हणून ती डाव्या हाताच्या चिमटीत ती वाटी घट्ट धरायची. तिच्या त्या अंगठ्याच्या नखाला कायम हिरवट काळी कड असायची.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे फुलंच फुलं. हळदीकुंकू म्हटलं की अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण आणि प्रत्येकीला एक गुलाब. चाळीतल्या चार मजल्यांवरच्या ऑर्डरी आईकडे यायच्या. १९८४ मधलं एक मला आठवतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साठ गुलाब सांगितले होते. आईने मोजून एकसष्ट दिले, एखादं खराब निघालं तर असावं म्हणून. मी परात घेऊन गेले. काकूंनी माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं, माझ्या वेणीत एक फूल खोवलं, हातावर तिळगूळ ठेवला. बायका यायला लागल्या. आई खाली गॅलरीत उरलेल्या पाकळ्या गोळा करत बसली होती. तिला कुणी बोलावलं नाही. काकू वाईट नव्हत्या, पैसे तिथल्या तिथे देणाऱ्या होत्या. पण चाळीतल्या प्रत्येक अंबाड्यातलं फूल आईच्या हातून गेलेलं, आणि तिच्या अंबाड्यात सतरा वर्षं एक पाकळी नाही.

सतरा म्हणते कारण १९९७ साली माझं लग्न झालं. दादरला हॉल घेतला होता. सकाळी मी ठरवून टाकलं की आज आईने फूल माळायचं. तिनेच आणलेल्या टोपलीतला एक टपोरा लाल गुलाब घेतला, तिला खुर्चीत बसवलं आणि आकड्याने अंबाड्यात खोवला. ती नको नको म्हणत होती, पण मान हलवली नाही. पाच मिनिटं तो गुलाब तिच्या केसात होता. मग आत्या आत आली.

“वहिनी, हे काय? लाल? दादा गेला ते विसरलात का?”

मी म्हटलं, आत्या, माझ्या लग्नात आई फूल माळेल. आत्या म्हणाली, “हवंच असेल तर पांढरा घालू दे.” मी विचारलं, पांढरा का? उत्तर आत्याने दिलं नाही, तिच्या मुलीने दिलं. ती तेव्हा कॉलेजात होती. म्हणाली, “अगं, पांढरा शांतीचा असतो. लाल म्हणजे प्रेम. मामी आता कुणाला दाखवणार?”

खोलीत आठ-दहा बायका होत्या. दोघी-तिघी हसल्या. आईने हात वर नेला, आकडा काढला, गुलाब काढला आणि माझ्या हातात दिला. “राहू दे गं, मला कुठे सवय आहे.” कुणीतरी पांढरा आणला होता, तोही तिने घेतला नाही. लग्नाच्या फोटोंत आई सगळीकडे माझ्या मागे उभी आहे आणि एका फोटोत तिचा हात मागे केसांवर गेलेला आहे, काही राहिलं नाही ना ते बघायला.

म्हणून सांगते, हे तक्ते निरुपद्रवी नाहीत. आत्याच्या रूढीला आतेबहिणीचा रोझ डे येऊन मिळाला. एकीने लाल नको म्हटलं, दुसरीने त्याला कारण पुरवलं. तुमची नणंद नेमकं तेच करते आहे. ‘अर्थ चांगला’ हा वरचा कागद झाला. आत काय आहे ते तुम्हालाही कळलंय, नाहीतर तुम्ही इथे विचारलं नसतं. जिचा नवरा गेला तिच्या आयुष्यातून लाल रंग काढून घ्यायचा अधिकार कुणालाही नाही, नणंदेला नाही आणि मुलांनाही नाही.

४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी तसं परिपत्रक काढलं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई मटार सोलत होती. तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि बातमी संपेपर्यंत बघितली. मग म्हणाली, “फुलाचं काही म्हणाले का गं?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दादरला गेले. वीस लाल डच गुलाबांचा बंच घेतला, लांब दांड्याचे, तळेगावकडच्या पॉलिहाउसमधले असतात तसे. घरी येऊन आईच्या मांडीवर ठेवले. आईने एक उचलला, नाकाशी नेला, परत नेला. “वास कुठाय याला?” मग म्हणाली, “मला लाल कुठे आवडायचा? तुझे बाबा आणायचे तो गुलाबी. गावठी.”

पंचवीस वर्षं मी मनात आत्याशी लाल गुलाबावरून भांडत होते, आणि आईला लाल नकोच होता. त्या दिवशी खोलीत आत्या बोलली, आतेबहीण बोलली, मी बोलले. आईला कुठला आवडतो हे आम्हा तिघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

नंतर मी या शब्दाचाच विचार करत बसले. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि फुलाचं नाव रंगाला. मराठीत ‘गुलाबी’ म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे लाल येत नाही. म्हणजे ज्यांनी हा शब्द रंगाला लावला त्यांच्या परसात गुलाब होता तो गुलाबी, गुलकंदाचा, वासाचा. लाल हा प्रेमाचा, हे त्यावर मागाहून येऊन बसलं. तक्त्यात गुलाबीला ‘कौतुक’ असा फिका अर्थ मिळालाय, मला तो पटत नाही. आमच्या घरात गुलाबी म्हणजे पगाराच्या दिवशी गिरणीतून सुटलेला माणूस कागदात गुंडाळून आणायचा ते फूल.

गावठी गुलाब मिळायला दोन दिवस लागले. हार-वेण्यांसाठी जातात ते बहुतेक मोकळ्या पाकळ्यांचे असतात, सकाळी लवकर संपतात. शेवटी केशवसुत पुलाजवळ बसणाऱ्या एका मावशींनी ठेवले माझ्यासाठी. आईचे केस आता विरळ झालेत, अंबाडा सुपारीएवढा. तिने आरशासमोर स्वतःच खोवला. पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी आकडा उलटा धरून दाबून बसवला. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

त्या वर्षी गणपतीला आत्या आली तेव्हा आईच्या केसात फूल होतं. आत्याने पाहिलं. काही बोलली नाही, आरतीला उभी राहिली, जेवली, गेली. तिलाही नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत आणि तीही माळत नाही, हे इथे लिहायला हवं. तरीही १९९७ च्या सकाळबद्दल तिने आईला एक शब्द बोलावा असं मला अजून वाटतं.

तर तुमचं. वर मी लाल आणा म्हणून लिहिलंय ते नणंदेला उद्देशून होतं. सासूबाईंसाठी आधी त्यांनाच विचारा: लग्नाआधी, तरुणपणी कुठलं फूल माळायच्या, कोण आणायचं. लाल म्हणाल्या तर लाल, कुणाचं ऐकू नका. माळायचं नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, हातात द्या. सवय मोडलेली असते, त्यात त्यांचीही काही समजूत असेल. नणंदेने पांढऱ्याचा अर्थ काढला तर तिला सांगा की वांद्र्या-माहीमला चर्चमधल्या लग्नात नवरीच्या हातात पांढरेच असतात आणि आपल्याकडे पार्थिवावरही पांढरेच वाहतात, मग त्यातला कुठला अर्थ घ्यायचा ते तिने ठरवावं.

साठ डच हवे असतील तर वीसचे तीन बंच घ्या, घरी आल्यावर देठ तिरके कापून तासभर खोल पाण्यात ठेवा. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात साठी येत असेल तर जपून, तेव्हा चांगला माल परदेशी जातो आणि भाव चढतात. आणि गावठी गुलाबी म्हणाल्याच, तर आदल्या दिवशी मावशींना सांगून ठेवा आणि सहाच्या आत पोचा. फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मरतो. ओल्या कापडात ठेवा.