'ठराव तहकूब' की 'ठराव स्थगित'?

प्रश्न असा आहे: गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरची चर्चा अर्धवट राहिली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. सचिवांनी इतिवृत्तात 'ठराव स्थगित' लिहिलं. एका सभासदाने 'तहकूब' हवं म्हणून हरकत घेतली. बरोबर कोण? आणि पुढच्या सभेत चर्चा पहिल्यापासून करायची का?

हरकत रास्त आहे. 'ठरावाला स्थगिती' म्हटलं की आपल्याला काय कळतं? ठराव मंजूर झालाय, पण कोर्टाने किंवा शासनाने अंमलबजावणी थांबवलीय. इथे तर अजून मतदानच झालेलं नाही. खरं तर मंजुरीआधी त्याला 'ठराव' म्हणणंही घाईचं; तोवर तो प्रस्ताव, किंवा नुसता 'विषय'. उद्या कंत्राटदार ते इतिवृत्त घेऊन उभा राहिला तर 'मंजूर होता, फक्त थांबवला होता' असा अर्थ काढायला वाव राहतो.

गंमत म्हणजे संस्कृतात 'स्थगित'चा अर्थ झाकलेलं, लपवलेलं. 'थांबवलेलं' हा अर्थ नंतरचा. 'तहकूब' मात्र फारसी-अरबी वळणाचा जुना दफ्तरी शब्द आणि त्यात 'सुरू झालेलं काम मध्येच थांबवून पुढे न्यायचं' हे पक्कं बसलेलं आहे. म्हणून सुरूच न झालेली सभा 'पुढे ढकलतात', सुरू झालेली 'तहकूब' करतात आणि काम आटोपलं की 'बरखास्त'. सभेच्या नोटिशीखालची ती ओळ आठवा: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' त्यातला 'तीच' महत्त्वाचा. तहकूब सभा ही नवी सभा नसते, म्हणून तिथे उरलेलेच विषय घ्यायचे. कोणी नवा विषय घुसडू लागला तर अध्यक्षांनी थांबवावं. कंपनी कायद्यात (2013, कलम 116) एक बारकावा आहे: तहकूब सभेत झालेला ठराव प्रत्यक्ष मंजुरीच्या तारखेचाच धरतात, मूळ सभेच्या नाही.

आता चर्चेचं. लोकसभेत चर्चा तहकूब झाली की ती थांबली तिथून पुढे चालते. एकदा बोललेल्या सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीशिवाय पुन्हा बोलता येत नाही. प्रस्ताव मांडणाऱ्याला तेवढा शेवटी उत्तराचा हक्क. सोसायटीवर हे नियम बंधनकारक नाहीत, पण पाळले तर तेच ते तीन काका दोन्ही सभा खाणार नाहीत.

'स्थगन प्रस्ताव' यात ओढू नका, तो वेगळाच प्राणी. लोकसभेच्या नियम 56 खालचा हा प्रस्ताव तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी सभागृहाचं ठरलेलं कामकाज बाजूला ठेवायला लावतो. तो स्वतः कुठे स्थगित होत नाही. आणि महापालिकेच्या बातम्यांतलं 'दप्तरी दाखल' तर भलतंच सोज्वळ: त्याचा अर्थ विषय संपला.

तेव्हा इतिवृत्तात असं लिहा: 'विषय क्र. 6 वरील चर्चा अपूर्ण राहिल्याने सदर विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.' तारीख ठरली असेल तर तीही घाला. 'पुढील सभा' हेही नसेल, तर तो विषय 'बेमुदत तहकूब', आणि मग तो पुन्हा पटलावर यायला कोणीतरी सूचना द्यावी लागेल.