लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. भांडण नाही, पण बोलायलाही काही उरलं नाही. काय करावं?

नवरा वाईट नाही, पण जेवताना दोघांचीही मान मोबाइलात असते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या लग्नाची तिशी उलटली, राहतो गोव्यात, फोंड्याकडे. तुम्हाला बहुतेक सगळे सांगतील की एकमेकांना जास्त वेळ द्या. मी उलट सांगेन, थोडा कमी द्या. दोघांचा दिवस एकच, पाहुणे तेच, मालिकाही तीच, मग सांगणार काय?

आमचे हे जत्रेतल्या नाटकात काम करतात. तालमी रात्रीच्या, देवळाच्या सभामंडपात. माझं महिला भजनी मंडळ. श्रावणापासून चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत माझा पाय घरात ठरत नाही. रात्री भेटलो की कुणाचं पाठांतर अजून कच्चं, पेटीवाला कुणावर रुसला, कुणी कुणाचा अभंग पळवला, यात जेवण कधी आटोपतं कळत नाही. आणि नाटकाच्या रात्री मी मागच्या रांगेत बसते. रंग लावलेला, फेटा बांधलेला, भलत्याच आवाजात गरजणारा तो माणूस घडीभर परकाच वाटतो. मजा त्यातच आहे. घरात रोज समोर असतो त्याच्याकडे आपण बघणंच सोडलेलं असतं. तुमच्या नवऱ्याला नाटक नको असेल तर फुटबॉल असेल, बागायत असेल. फक्त तुमचं काहीतरी तुमचं हवं, त्यांचं त्यांचं.

भांडण नाही हे मला तितकंसं चांगलं लक्षण वाटत नाही. आमच्याकडे मासळीवरून दर वर्षी होतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी. ती उठते त्याच सुमारास श्रावण लागतो. मी महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, ह्यांचा उपास फक्त सोमवारचा. मंगळवारी पिशवीत सुंगटां (कोळंबी) घेऊन दारात हजर! भांडी वेगळी, चूल वेगळी, तोंडं दोन दिशांना. हा वाद मिटलेला नाही, मिटणारही नाही. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते नवराबायकोचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे न सुटणारेच असतात. म्हणजे प्रश्न वाद सोडवण्याचा नसून तो घालताना समोरच्याला तुच्छ न लेखण्याचा आहे. हे वाचल्यापासून मी सुंगटांवर बोलते, सासरच्या वळणावर नाही.

फिरायला जायचं तर हॉटेल बुक करू नका. आम्ही जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जातो, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला, सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन परत. चालत चढणाऱ्याला फेरीचं तिकीटही नाही. धक्क्यावर बोटीची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि तिथे वीजबिल, मुलांची लग्नं हे विषय निघतच नाहीत. का ते ठाऊक नाही, पण निघत नाहीत.

पैशाचं मात्र घरी बसून, उघड बोला. आपल्या गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. बाहेरच्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं. मला वाटतं, सही करायच्या दिवशी नोटरीसमोर पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा कर्ज कुठे, ठेव कुठे हे आधी कळलेलं बरं. बऱ्याच घरांतली गप्पगप्प त्या न सांगितलेल्या कर्जाचीच असते.

तुमच्याकडे तसं काही असेल, किंवा दारू, हात उगारणं असेल, तर फेरीबोट आणि भजन विसरा. आधी माहेरच्या कुणाला तरी किंवा समुपदेशकाला गाठा. नसेल तर या आठवड्यात एक संध्याकाळ त्यांना न घेता बाहेर जा, आणि आल्यावर जेवताना काय झालं ते सांगा. मोबाइल खाली ठेवा म्हणून सांगू नका.