जळगावात महाबळ रोडला नवीन राहायला आलात ना, मग हे ऐका

भाऊ, रोजचा किराणा, दूध, औषधं महाबळ रोडलाच घ्या, एवढ्यासाठी गावात गाडी घातली की पार्किंग शोधण्यातच जीव जातो. भाजी संध्याकाळी हातगाडीवरनं. भरीताचं वांगं घेताना हिरवं, मोठं पण हातात हलकं लागेल तेच उचला, जड निघालं की आत नुसत्या बिया, मी पहिल्या वर्षी दोन किलो तसलीच आणली होती, बायको अजून विषय काढते. कपड्यांना फुले मार्केट, मोबाईलचं सगळं गोलाणी मार्केटात. वर्षाच्या डाळी दाणा बाजारात. सोनं सुभाष चौकात बघा पण हॉलमार्कसोबत एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा अक्षरं-आकड्यांचा ६ खुणांचा ओळख क्रमांक, तपासा, मजुरी आधीच ठरवा, सोन्यावर ३ टक्के जीएसटी वेगळा. आणि मे महिन्यात दुपारी बाहेर पडूच नका हो, जळगाव आहे हे!