नागपूर ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे सव्वाअकरा तास

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही पतिपत्नी मुलाकडे न्यूयॉर्कला जात आहोत. नागपूरहून पहाटे ४ वाजता निघून, दोह्याला विमान बदलून, त्याच दिवशी दुपारी ३.१५ वाजता पोहोचणार, असे तिकिटावर आहे. म्हणजे प्रवास सव्वाअकरा तासांचाच ना? मुलगा मात्र एकवीस तास सांगतो. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरत असताना पश्चिमेला जायला वेळ कमी लागायला नको का? भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावून अंतरही मोजून पाहिले, पण मेळ बसला नाही.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. सव्वाअकरात साडेनऊ मिळवले की २० तास ४५ मिनिटे होतात. दोह्याचा मुक्काम त्यातच आला.

दोरा लावण्याची कल्पना उत्तम आहे. शून्य मैलाच्या दगडाच्या गावातील माणसाला ती शोभतेही. फक्त दोरा सपाट नकाशावर न लावता पृथ्वीगोलावर ताणून धरावा. नागपूर आणि न्यूयॉर्क या ठिपक्यांवर बोटे ठेवून तो घट्ट ओढला, की अरबी समुद्राकडे न जाता तो सरळ वर सरकतो आणि उत्तर ध्रुववृत्त ओलांडून, नॉर्वेजवळच्या समुद्रावरून व ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून खाली उतरतो. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर भरते. शाळेत टांगलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावरील सरळ रेषेने गेल्यास सुमारे दोन हजार किलोमीटर जास्त पडतात, कारण गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचे प्रदेश अवास्तव फुगतात. दोह्यामार्गे तुमचे अंतर २,८५० अधिक १०,७५०, म्हणजे सुमारे १३,६०० किलोमीटर होईल; प्रत्यक्षात हवामान आणि हवाई हद्दींनुसार वैमानिकाला थोडे वळसे घ्यावेच लागतात.

पृथ्वीच्या फिरण्याची शंका अनेकांना येते. धावत्या रेल्वेत शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या डब्यात न जाता हातातच पडतो, कारण गाडीचा वेग त्याच्यातही असतो. विमान आणि त्याभोवतीची हवा यांचेही तसेच आहे. फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह ताशी १५० किलोमीटरच्याही पुढे जातात, विशेषतः हिवाळ्यात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून न्यूयॉर्कहून दोह्याला यायला जाण्यापेक्षा तास-दीड तास कमी लागतो.

परतीच्या वेळी घड्याळातला फरक मिळवायचा नसून वजा करायचा आहे. डिसेंबरात परतणार असाल तर तो साडेनऊऐवजी साडेदहा तास धरावा, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतली जातात.