रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याचा आवाज कमी कसा करायचा?

आधी ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, जुळवा. बराचसा आवाज तिथेच मरतो. दोरीला दोन-चार पीळ वाढवा, म्हणजे ती आखडून हे अंतर वाढतं, बाण सोडून ऐका, पुन्हा वाढवा. पण उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच. रिकर्व्हची दोरी सुटल्यावर भुजांच्या टोकांकडच्या वळणावर आपटते, तो 'फट्' आवाज त्याचाच. तिथे फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. मग दोरीत लोकरीचे गोंडे: वरून एक-चतुर्थांशावर एक, खालून एक-तृतीयांशावर दुसरा. अंतरं मुद्दाम असमान, म्हणजे दोरीची थरथर लवकर विरते. बाणही फार हलका नको. दोरी ओढायला ४० पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याला ४०० ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) आसपासचा घ्या, जड बाण जास्त ऊर्जा घेऊन जातो. गोंड्यांनी वेग मात्र किंचित घटतो, आणि पावसात लोकर भिजून जड होते.