ऑस्ट्रेलियात सिक्युरिटी गार्ड आहे. काळी पँट, बूट, लायसन्स, गाडीचं पेट्रोल यांतलं टॅक्समध्ये काय वजा दाखवता येतं?

साधी काळी पँट आणि साधे काळे बूट विसरा. कंपनीने सक्ती केली तरी ते रोजचेच कपडे धरतात. लोगोचा सक्तीचा युनिफॉर्म स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर चालतो. त्याची धुलाईही चालते: नुसते कामाचे कपडे असतील तर लोडमागे 1 डॉलर, घरच्या कपड्यांत मिसळले तर 50 सेंट.

"तीनशे डॉलर सगळेच टाकतात" हे तुम्हालाही कोणीतरी सांगितलं असणार. मला रूममेटने सांगितलं आणि त्याच्या टॅक्स एजंटकडे नेलं. त्या माणसाने एकही पावती न मागता कपडे, धुलाई, किरकोळ असे आकडे भरले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, सही कर. पँट कशी काय, विचारलं तर म्हणे, "गार्ड लोकांना हेच लावतो." मी उठून आलो. रूममेटशी कडाक्याचं भांडण झालं. त्याच्या मते पावती लागत नाही म्हणजे खर्चही करावा लागत नाही! अहो, एकूण 300 पर्यंत लेखी पुरावा मागत नाहीत, एवढंच. पैसे खिशातून गेलेले हवेत, कंपनीने परत दिलेले नकोत, आणि आकडा कसा काढला ते सांगता आलं पाहिजे. उद्या चौकशी लागली तर उत्तर तुम्हीच द्यायचं, एजंट नामानिराळा.

आणि खरं हक्काचं होतं ते त्याने विचारलंही नव्हतं. शनिवारी मी सकाळी मॉलवर आणि तिथून थेट स्टेडियमवर जायचो. घर ते काम मिळत नाही, पण एका कामावरून दुसऱ्या कामावरचा प्रवास मिळतो. गाडी स्वतःची असेल तर 2024-25 साठी किलोमीटरला 88 सेंट, पेट्रोल त्यातच आलं. रोस्टर समोर ठेवून मी मायटॅक्सवर, म्हणजे टॅक्स खात्याच्या ऑनलाइन सेवेवर, स्वतः रिटर्न भरलं. लायसन्सचं नूतनीकरण, ड्युटीची टॉर्चही त्यात आली.

हो, नोकरी लागण्याआधीचा कोर्स आणि पहिलं लायसन्स मात्र मिळत नाही. जिमही नाही. एबीएनवर, म्हणजे नोकरीत नसून स्वतःच्या व्यवसाय क्रमांकावर, काम करत असाल तर हिशेब वेगळा, तिथे चांगला एजंट जरूर गाठा. तो रूममेट आजही पँट टाकतो. टॅक्स किती बसला हे सांगणारी नोटीस (नोटीस ऑफ असेसमेंट) मिळाल्यापासून साधारण दोन वर्षं रिटर्न दुरुस्त करता येतं, हे त्याला अनेकदा सांगून झालंय.